धबधब्याची ओके शीट

दादा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी आदराने बोलला, आणि घरातले सगळे घाबरले.

त्या रविवारी मी नेहमीसारखा त्याच्याकडे गेलो होतो. तो पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसला होता. मी चपला काढून समोरच्या खुर्चीत बसलो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बसा. कोणाकडे आले तुम्ही?"

मला ती थट्टा वाटली. दादाची थट्टा अशीच असायची, चेहऱ्यावरची रेघ न हलवता केलेली. मी म्हणालो, "तुह्याकडेच आलो गा."

"माह्याकडे काय काम होतं?"

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. छापखान्यात लग्नपत्रिकेचे नमुने पाहायला येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकांसाठी तो राखून ठेवलेला होता. माझ्या वाट्याला तो उभ्या आयुष्यात कधी आला नव्हता. माझ्या वाट्याला येत होतं ते "काहून उशीर केला बे" किंवा त्याहून कमी.

वहिनी कणीक माखलेल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "पंधरा दिवस झाले असंच चालून राहिलं," ती हळू म्हणाली. "शेजारच्यांले ओळखत नाहीत, दूधवाल्याले ओळखत नाहीत. तुम्हाले तं ओळखत होते, म्हणून कळवलं नाही, भाऊजी."

म्हणजे मी शेवटचा होतो. हा मान म्हणायचा की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं घराणं विणकरांचं, पण वडिलांनी माग विकला आणि आम्ही दोघं भाऊ एकापाठोपाठ एक सदर भागातल्या एका ऑफसेट छापखान्यात लागलो. तो मशीन चालवायचा. मी चेकर होतो, म्हणजे मशीनमधून निघणारे कागद तपासणारा. तिथे पुस्तकंही छापली जात. वाया गेलेले फर्मे, म्हणजे सोळा पानं छापलेले मोठे कागद, मी घरी आणून वाचायचो, आणि वाचनाची सवय लागली ती तिथेच. त्यामुळे पुष्कळ थोर पुस्तकं मला सोळा पानांपुरतीच ठाऊक आहेत. पण आमचं मुख्य काम कॅलेंडरांचं. बी-बियाण्यांची दुकानं, कापड दुकानं, औषधवाले, सगळ्यांना दिवाळीनंतर कॅलेंडरं लागत, आणि सगळ्यांना त्यावर सीनरी हवी असे. धबधबा, बर्फाचा डोंगर, तळ्याकाठचं हरीण. हिंगण्याच्या कारखान्यापासून गावातल्या किराणा दुकानापर्यंत वर्षभर भिंतीवर तोच धबधबा. मी तो भिंतीवर जाण्याआधी हजारो वेळा पाहिलेला असायचा.

त्या रविवारनंतर मी स्वतःवर पाळत ठेवू लागलो.

एकदा पाळत ठेवली की पुरावा सापडतोच. चहात साखर घातली की नाही हे मला आठवेना. सदरच्या बाजारात स्कूटर कुठे लावली हे शोधण्यात एक दुपार गेली. ती मी लावली होती तिथेच होती, पण मीच तिथे दोनदा येऊन गेलो होतो. एका जुन्या सहकाऱ्याचं नाव तीन दिवसांनी आठवलं, तेही आंघोळ करताना, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. बायकोला सांगितलं.

"तुम्ही लग्नाआधीपासून असेच आहात," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी अंगठी घरी विसरले होते."

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसं? तेव्हा मी नवीन होती म्हणून बोलली नाही, एवढंच वेगळं."

यात दिलासा होता की नव्हता, तेही कळेना. आधीपासूनच असं असेल तर मग कधीपासून, आणि आता वाढलं असेल तर ओळखायचं कसं? दादाही आधीपासून तसाच होता. तो डबा विसरायचा, छत्री विसरायचा. कोणाच्या मनात आलं नाही.

बायकोनेच एक दिवस वर्तमानपत्रातून पडलेला गुळगुळीत कागद माझ्यासमोर ठेवला. धंतोलीतल्या एका रुग्णालयात नवा मेंदू संशोधन विभाग सुरू होत होता. 'निसर्गचित्रे आणि दृश्य मेंदू' अशा नावाच्या प्रयोगासाठी साठीपुढचे निरोगी स्वयंसेवक हवे होते. चित्रं पाहायची, बटण दाबायचं, दोन तास.

"निरोगी लिहिलं आहे," मी म्हणालो.

"जाऊन तं पाहा. निरोगी नसान तं ते सांगतीलच."

मला हेच हवं होतं. दादासारखं माझंही होऊन राहिलं आहे का, हे थेट डॉक्टरला विचारायची माझी छाती नव्हती. स्वयंसेवक म्हणून जाऊन आडून कळलं तर बरं, असा माझा हिशोब. धैर्याचा अभाव असला की माणूस विज्ञानाच्या कामी येतो.

उद्घाटनाला सगळ्या स्वयंसेवकांना बोलावलं होतं. आगीचा गजर वाजू नये म्हणून समई बॅटरीवरची होती. पाहुण्यांनी खोटी वात खऱ्या मेणबत्तीने पेटवल्याचा अभिनय केला, मागून एकाने बटण दाबलं, आणि टाळ्या पडल्या. मग विभागप्रमुख बोलले. मेंदू हे विश्वातलं विश्व आहे, असं ते तीन वेळा म्हणाले. आम्हा म्हाताऱ्यांना त्यांनी 'संशोधनाचे शिल्पकार' म्हटलं आणि एकेक गुलाब दिला. माझं लक्ष मागच्या फ्लेक्सकडे होतं. त्यावर मेंदूचं भलं मोठं जांभळं चित्र होतं आणि रंग एकमेकांवर बसले नव्हते. लाल थोडा उजवीकडे घसरला होता, त्यामुळे प्रत्येक वळीला एक सावली आली होती. एकाच कवटीत दोन मेंदू, एक थोडा उशिरा पोचलेला. मी शेजारच्या गृहस्थांना ते दाखवलं. ते म्हणाले, "भाषण ऐका."

माझी पाळी पुढच्या आठवड्यात आली. प्रयोग करणारी मुलगी तिशीच्या आतबाहेरची असेल. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"काका, तेल?"

"घरून लावून दिलं. मोठ्या डॉक्टरकडे चाललो म्हणून."

"तेल लावून येऊ नका असं कागदावर लिहिलं होतं."

"तो कागद मी वाचला होता," मी म्हणालो. "घरी ठरवणारं दुसरं कोणी आहे."

तिने कापसाने माझं डोकं पुसलं, दहा मिनिटं, न चिडता. पुसता पुसता तिची पुस्तकी मराठी गळून पडली. ती उमरेडची निघाली. तिचे आजोबा माग चालवत. आमचंही घर विणकरांचं असावं, असं माझं आडनाव वाचूनच तिला वाटलं होतं म्हणे. मग तारांची टोपी माझ्या डोक्यावर चढली आणि प्रत्येक तारेखाली गार चिकट काहीतरी टोचलं गेलं.

"आता समोर चित्रं येतीन," ती म्हणाली, आणि मग पुन्हा पुस्तकी झाली. "प्रत्येक चित्र थोडा वेळ दिसेल. काही चित्रं पुन्हा येतील. आधी पाहिलेलं असेल तर उजवं बटण. नवीन असेल तर डावं. घाई नाही."

दिवे मंदावले. पहिलं चित्र आलं. डोंगर, खाली कुरण. दुसरं तळं. मग हरीण, मग पळसाचं झाड, मग धबधबा. सगळी सीनरी, एकही माणूस नाही. मला वाटलं, निवृत्त झालो होतो ते रद्द झालं, परत कामावर लागलो.

आणि माझे डोळे कामालाच लागले. मी चित्र बघतच नव्हतो. डावीकडचा वरचा कोपरा, तिथून आकाशाची कड, मग खाली उजवीकडे, मग पांढऱ्या जागा. पांढरी जागा खोटं बोलत नाही. रंग घसरला तर आधी तिथे दिसतो. धबधब्याचा फेस म्हणून आमच्या सगळ्यांच्या आवडीचा.

थोड्या वेळाने तो धबधबा पुन्हा आला. माझं बोट उजव्या बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

इथे मला छापखान्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझं बोट का थांबलं हे कळणार नाही.

मी चेकर झालो त्या पहिल्याच हिवाळ्यात एका बियाणेवाल्याचं कॅलेंडर मशीनवर होतं. धबधबाच. काम सुरू करताना मालक एका चांगल्या कागदावर सही करत, त्याला ओके शीट म्हणायचे. ती चेकरच्या टेबलावर ठेवायची, मशीनमधून ठरावीक वेळाने एकेक कागद काढायचा आणि ओके शीटशी लावून पाहायचा. मी सकाळी लावून पाहत होतो. दुपारपर्यंत मला तो धबधबा डोळे मिटून काढता आला असता, म्हणून मी ओके शीटकडे बघणंच सोडलं. पिवळी शाई हळूहळू कमी पडत गेली. एकदम कमी पडली असती तर मला दिसलं असतं. आकाश निळसर होत गेलं, कुरण राखाडी झालं, आणि मी प्रत्येक कागदाला मान हलवत होतो, कारण मला कुरण हिरवंच दिसत होतं.

दादाने थप्पीतला तळचा कागद आणि वरचा कागद शेजारी ठेवले. मी बघत राहिलो. मालकांना तो म्हणाला, शाई माझ्याकडून कमी सुटली. माझं नाव त्याने घेतलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाला, "तुले सीनरी पाठ झाली. पाठ झालं का माणूस पाहणं सोडते."

"मंग काय करू?"

"शीट पाह्य. काय दिसलं ते सांग. आन मंग विसर. पुढची शीट आली का तिले पहिल्यांदा पाहून राहिला असं पाह्य."

"अशी विसरता येते का गा?"

"सराव कर," तो म्हणाला आणि मशीनकडे गेला.

सराव मी तीस वर्षं केला. पाहायचं, सांगायचं, विसरायचं. त्यामुळे त्या अंधाऱ्या खोलीत धबधबा दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्यापुढे खरी अडचण उभी राहिली. हे तेच चित्र होतं का? छापखान्यात 'तेच चित्र' असा काही प्रकार नसतो. त्याच प्लेटवरून निघालेली दुसरी शीट असते. ती वेगळी असते. वेगळी नसती तर चेकरला पगार कशाला दिला असता? आणि मला शपथेवर सांगता आलं असतं की दुसऱ्यांदा आलेल्या धबधब्याच्या कातळावर तांबूस छटा जरा जास्त होती.

मी डावं बटण दाबलं. नवीन.

मग डोंगर आला. निळा जरा कमी. नवीन. हरीण आलं. नवीन. अर्ध्यावर माझ्या ध्यानात आलं की मुलीला कदाचित शीट नको आहे, चित्र हवं आहे. पण तोवर फार उशीर झाला होता. आता पद्धत बदलावी तर पुढचा प्रश्न उभा: हे पळसाचं झाड मी पाहिलं होतं आणि सवयीने पुसलं, की पाहिलं होतं आणि खरोखरच गेलं, की पाहिलंच नव्हतं? तिन्ही वेळा आतून सारखंच वाटतं. आतून पाहता ती एक कोरी जागा असते, बस. मी ज्यासाठी आलो होतो तो प्रश्न समोर होता आणि तो सोडवायला माझ्याकडे डावं आणि उजवं अशी दोन बटणं होती.

"काका, छान झालं," ती टोपी काढताना म्हणाली. ती हे सगळ्यांनाच म्हणत असावी.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. जमलं तर येऊन जा म्हणाली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायकोने त्या दिवशी तेल लावलं नाही, यावरून तिलाही काळजी वाटत होती हे मला कळलं.

मुलीने स्क्रीनवर दोन रेघा काढल्या. एक उंच उसळलेली, दुसरी तिच्याखाली बुटकी.

"एखादं चित्र पहिल्यांदा दिसलं की डोक्याचा हा मागचा भाग जोरात उत्तर देतो," ती माझ्या डोक्यामागे बोट नेत म्हणाली. "तेच चित्र पुन्हा दिसलं की उत्तर कमी होतं. ही वरची रेघ पहिल्या वेळेची, खालची दुसऱ्या वेळेची."

"म्हणजे कंटाळतो?"

"कंटाळतो म्हणा, सरावतो म्हणा. असं का होतं यावर आमच्यातच भांडणं आहेत."

"माह्या रेघा बरोबर आहेत?"

"रेघा छान आहेत. प्रश्न बटणांचा आहे." तिने कागद पुढे केला. "तुमचा मेंदू म्हणतो, हे पाहिलंय. तुम्ही प्रत्येक वेळी दाबलं, नवीन. पुन्हा आलेलं जवळजवळ एकही ओळखलं नाही. एवढं चुकायचं म्हटलं तरी जमत नाही, काका."

मी कागदाकडे पाहत राहिलो. "मंग खरं कोण बोलून राहिलं? मी का तो?"

"तो कोण?"

"मेंदू."

"तुम्ही आणि तो वेगळे नाही."

"तुम्हीच तं दोन रेघा दाखवल्या," मी म्हणालो.

तेवढ्यात दार उघडून विभागप्रमुख आले. बरोबर टाय लावलेले दोन पाहुणे होते. "हे आमचे एक ज्येष्ठ स्वयंसेवक," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. स्क्रीनवरच्या रेघा पाहून त्यांनी "अत्यंत रोचक" असा शेरा मारला आणि मेंदू हे विश्वातलं विश्व असल्याचं पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांनी मान हलवली. मीही हलवली; कोणीतरी मान हलवली की माझीही हलते, हा चेकरला न शोभणारा दोष आहे. ते गेले. दार बंद झालं.

मग मी तिला दादाबद्दल सांगितलं. एका दमात, वर न पाहता. आणि विचारलं, "माह्यं बी तसंच होऊन राहिलं का? यात दिसते का ते?"

तिने पेन खाली ठेवलं. "नाही दिसत. हा तो तपास नाहीच. एका माणसाच्या एका दिवसाच्या रेघांवरून असं काही सांगणं म्हणजे फसवणूक होईल. स्मरणशक्तीची तपासणी वेगळी असते. तिचे डॉक्टर खाली दुसऱ्या मजल्यावर बसतात. त्यांच्याकडे जा."

"आन बटणं?"

"तेच मले समजत नाही," ती म्हणाली. पुस्तकी मराठी परत गळली होती. "काहून दाबले तुम्ही असे?"

मी तिला ओके शीट सांगितली, पिवळी शाई कमी पडली तो दिवस सांगितला, पाहून विसरायचं सांगितलं. ती हसली नाही. तिचे आजोबा लुगडं मागावरून उतरल्यावर उलट्या बाजूने पाहायचे, आणि पाहताना घरात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे, एवढंच तिने सांगितलं. मग विचारलं, "दुसऱ्यांदा काय वेगळं दिसलं तुम्हाले? आठवते?"

गंमत अशी की आठवलं. कातळाची तांबूस छटा. डोंगराचा निळा. कुरण शेवटी शेवटी पिवळट. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.

"फाइल तर तीच आहे," ती म्हणाली. मग तिने स्क्रीनच्या पाठीला हात लावून पाहिला. "पण ही स्क्रीन तासाभराने तापते. तापली की पिवळी पडते का, ते आम्ही कधी मोजलं नाही. कुरणाचं ते असू शकेल."

"आन कातळ?"

"कातळ सुरुवातीलाच परत आला होता. तेव्हा स्क्रीन गार होती. त्याचं मला माहीत नाही."

त्या इमारतीत 'मला माहीत नाही' असं म्हणणारी ती मला भेटलेली पहिली व्यक्ती. मी मनातल्या मनात तिच्या कागदावर सही केली. पण घरी जाताना माझ्याकडे होतं ते एवढंच: कुरण बहुधा खरं, कातळ कोणाला ठाऊक नाही, आणि मी कोणत्या बाजूला मोडतो ते दुसऱ्या मजल्यावर विचारा. मी जिन्याने उतरलो, दुसऱ्या मजल्यावर थांबलो, आणि खाली गेलो.

घरी बायको कपाट आवरत होती. आमच्या घरी फळ्यांवर कागद अंथरले जातात ते छापखान्याच्या वाया गेलेल्या शीटांचे. जाड असतात, वर्षानुवर्षं टिकतात. डाळीच्या डब्याखालून तिने एक शीट ओढली आणि धबधबा बाहेर आला. माझ्या त्या पहिल्या हिवाळ्याच्या सुमाराचा, बियाणेवाल्यांचा. कडेला हळदीचा डाग होता, बाकी रंग शाबूत.

मी तो खिडकीपाशी नेला. वाया गेलेली शीट म्हणजे तिच्यात काहीतरी दोष असणारच. मी डावा कोपरा पाहिला, आकाश पाहिलं, फेस पाहिला. काही दिसलं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला धबधबा दिसत होता, सुंदर, बिनदोष. रंग घसरल्याचं फ्लेक्सवर दिसलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या हाताखालून गेलेल्या शीटवर दिसेना.

रविवारी मी ती गुंडाळून दादाकडे नेली.

"बसा," दादा म्हणाला. आज कोणाकडे आलो ते त्याने विचारलं नाही. मी शीट त्याच्या मांडीवर ठेवली. तो लगेच उठला. हे मला अपेक्षित नव्हतं. वहिनी म्हणाली होती की तो सकाळपासून उठलेला नाही. तो खिडकीशी गेला, शीट उजेडात तिरपी धरली, अंगठ्याने कोपरा चोळला. वहिनीने न मागता फडताळातलं भिंग आणून दिलं. त्याने फेसावर भिंग टेकवलं.

"लाल वर गेला," तो म्हणाला. "केसभर."

मी भिंग घेऊन वाकलो. फेसाच्या वरच्या कडेला एक अतिशय बारीक गुलाबी रेघ होती. आता सांगितल्यावर ती मला दिसली, आणि दिसल्यावर न दिसणं अशक्य झालं.

वहिनीने चहा दिला. आम्ही चहा प्यायलो. दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता. कप खाली ठेवल्यावर मी तीच शीट पुन्हा त्याच्या हातात दिली. हे बरं नव्हतं, मला कळत होतं. वहिनीला तर लगेच कळलं. "काहून त्रास देता, भाऊजी," ती म्हणाली.

तो उठला, उजेडात गेला, कोपरा चोळला, भिंग टेकवलं. डावा कोपरा, आकाश, फेस. त्याच क्रमाने. "लाल वर गेला. केसभर."

तिसऱ्यांदाही तेच. तोच आवाज, तेच शब्द, जराही कंटाळा नाही.

मी हिशोब करत बसलो. धंतोलीतल्या खोलीत त्याने तीनदा 'नवीन' दाबलं असतं. माझ्यासारखंच. पण तो पाहून विसरत होता की विसरून पाहत होता? छापखान्यात कोणी हे विचारलंच नसतं. तिथे त्याने तीनदा बरोबर उत्तर दिलं होतं आणि मी घरी एकदाही देऊ शकलो नव्हतो. दोघांपैकी आजारी कोण, हे मला त्या खोलीत बसून सांगता आलं नसतं. आजही त्याबद्दल माझी पक्की खात्री नाही.

चौथ्यांदा मी शीट पुढे केली तेव्हा त्याने ती घेतली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, नीट, डावीकडून वरून सुरुवात करून, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पाठ झाली का तुले?" तो म्हणाला.

वहिनीचा हात दाराच्या चौकटीवर थांबला. मी मान हलवली.

"मंग विसर न बे," दादा म्हणाला.

मी हो म्हणालो. शीट गुंडाळली. रबर लावेपर्यंत त्याची नजर पुन्हा भिंतीकडे गेली होती, आणि मी चपला घालत असताना तो आतून म्हणाला, "चहा घेऊन जा तुम्ही."

सोमवारी मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन नंबर लावला. गुरुवारचा मिळाला. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "मी येतो बरोबर." मग शीट फळीवर परत अंथरायला घेतली, छापील बाजू खाली करून, नेहमीसारखी.

"चित्र वर ठेव," मी म्हणालो.

"डाळीच्या डब्याखाली कोण पाहते?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चित्र वर ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी मी डबा उचलतो, चष्मा लावतो आणि फेस पाहतो. लाल वर गेलेला असतो, केसभर. तो मला दिसतो की मला ठाऊक आहे म्हणून दिसतो, हे काही केल्या कळत नाही. मग मी डबा खाली ठेवतो, आणि दादाने सांगितलेलं शेवटचं काम तेवढं करत नाही.